गीत की भजन?

ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आपल्या वाडवडिलांपर्यंत बाबासाहेबांचा विचार कोणी पोचविला? भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या जलशांनी! पाणवठ्याचा हक्क, शाळेचे मोल त्यांना डफ-ढोलकीवर समजले.

आज जयंतीला भीमगीते लाऊडस्पीकरवर वाजतात. ती ऐकून तुमच्या मनात प्रश्न उठतो काय? राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते. मग त्यांचेच भजन आपण मांडावे काय? नुसती मान डोलवायला लावणारे गीत लोकशाहीच्या कामाचे नाही.

म्हणून गीत संपल्यावर घरातल्या मुलीला विचारा, "यातले तुला काय पटले नाही?" ती बोलेल ते शांतपणे ऐकून घ्या.