आठ मण्यांची घट

ज्या माणसाने एखादी वस्तू आयुष्यात कधी घडविलेली नाही, किंबहुना घडताना पाहिलेलीही नाही, त्याने त्या वस्तूस लागणाऱ्या जिनसांचा अजमास बांधावा तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न वरकरणी सुताराच्या पडवीतला किंवा बांधकाम खात्याच्या दफ्तरातला वाटला, तरी तो मूळचा प्रमाणशास्त्राचा आणि जरा खोल उतरल्यास थेट साधनेचा प्रश्न आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. निमित्त झाले ते माझ्या भाच्याने कोकणातून पाठविलेल्या एका कागदाचे. नोकरीपायी समुद्रकाठी राहू गेलेल्या या मुलाला फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याच्या खेळाचा, ज्याला सर्फिंग म्हणतात त्याचा, छंद जडला. आणि विकतची फळी न घेता ती स्वहस्ते घडवावी असे मनाशी धरून त्याने सामानाची यादी केली आणि ‘मामा, हिशेब तपासून द्या’ एवढ्या मजकुरानिशी ती किन्हीराजास धाडली. मालेगाव तालुक्यातल्या या आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर. याच तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी विराजते अशी भाविकांची श्रद्धा आहे, ती वगळली तर आम्हांस तरंगण्याचा जो काही परिचय, तो विहिरीच्या पाण्यातला.

कागद मी दोनदा वाचला. फळी 7 फूट लांब, 22 इंच रुंद, 3 इंच जाड. तेवढ्या मापाचा थर्माकोलचा ठोकळा, ज्याचे घनफळ 91 लिटर. वरून दोन पदर व खालून एक, असे चढवावयाचे 30 इंच पन्ह्याचे काचतंतूचे कापड आठ वार, वजन सुमारे 1,100 ग्रॅम. आणि कापडाच्या वजनाइतकी राळ हा कारागिरांचा ठोकताळा धरून एपॉक्सी राळही 1,100 ग्रॅम. बेरीज बिनचूक होती. परंतु चौकोनी ठोकळ्यास निमुळते टोक, गोल कडा आणि किंचित वर वळलेले नाक देता देता 91 लिटरांतले जवळजवळ निम्मे घनफळ भुसा होऊन खाली पडते, आणि हाती उरते ते पन्नासेक लिटर. राळ भांड्याच्या बुडाशी चिकटते, कडांवरून ओघळते, थर्माकोलच्या दाण्यांत मुरते आणि एकदा घट्ट होऊ लागली की पुन्हा पातळ होत नाही; शिवाय कापड भिजवून झाल्यावर वरून जो गुळगुळीत थर द्यावयाचा, त्याची राळ निराळी. या कशाचीही नोंद त्या कागदावर नव्हती. मुलाने वस्तूचा हिशेब केला होता, ती घडविणाऱ्या हातांचा केला नव्हता.

आता यात त्याचा दोष कितपत? गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे सांगितली. आपण व्यवहारात ज्याला अंदाज म्हणतो तो फारसीतून आलेला शब्द आपण अनुमानाच्या जागी सर्रास वापरतो. परंतु नैयायिकांचे अनुमान ही फार कडक शिस्तीची गोष्ट आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणावयाचे, तर जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी ही व्याप्ती अगोदर हाती असली पाहिजे, आणि व्याप्ती हाती येते ती स्वयंपाकघरात, शेकोटीपाशी, कुंभाराच्या भट्टीजवळ, अशी वारंवार पाहून. कुणब्याने उभ्या कपाशीकडे पाहून किती क्विंटल उतरेल ते सांगितले तर ते खरे अनुमान, कारण त्याच्या नजरेमागे वीस-पंचवीस हंगाम उभे असतात. पहिलटकरामागे काहीच उभे नसते. त्याने मांडलेला आकडा कितीही नेटका असो, तो अनुमान नव्हे. अनुमानाचा पोशाख घातलेली ती इच्छा होय. चार्वाकाने अनुमानाचे प्रामाण्यच नाकारले ते आपल्या आस्तिक ग्रंथकारांस फार झोंबले, पण पहिल्या कामाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसापुरते बोलावयाचे तर चार्वाकाचे म्हणणे खोडणे कठीण आहे.

मग तो मनुष्य हात बांधून बसतो काय? बसत नाही, आणि येथेच उरलेली दोन प्रमाणे त्याच्या साहाय्यास येतात. उपमानाचे शास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण गवयाचे आहे: ज्याने गवय कधी पाहिला नाही त्याला रानातला मनुष्य सांगतो की तो गाईसारखा असतो, आणि पुढे अरण्यात तसा पशू समोर येताच हाच तो गवय, हे ज्ञान त्यास होते. माझ्या बाबतीत नेमके असेच घडले. आमच्याकडे मुले विहिरीत पोहावयास शिकत ती पाठीला पांगाऱ्याचा वाळका ओंडका किंवा भोपळा बांधून. फाल्गुनाच्या सुमारास पाने झडून तांबड्या फुलांनी पेटल्यासारखे दिसणारे हे झाड, त्याचे लाकूड जळणास निरुपयोगी, इमारतीस निरुपयोगी, परंतु इतके हलके की पाण्यास ते आपले भासावे. पुढे वाचनात आले की हवाई बेटांवर, जेथे हा फळीचा खेळ पिढ्यानपिढ्या चालत आला, तेथल्या थोरांच्या लांबलचक ‘ओलो’ फळ्या विलिविली नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असत, आणि विलिविली हे आमच्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतले भावंड आहे. समुद्र न पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला त्या फळीची ओळख त्या क्षणी पटली. त्या लोकांविषयी 1896 साली छापलेल्या एका वृत्तान्तात असेही आहे की फळीसाठी झाड निवडले की ते त्याच्या बुंध्याशी ‘कुमू’ नावाचा तांबडा मासा ठेवीत, आणि झाड तोडल्यावर मुळाशी खड्डा करून तो प्रार्थनेसह अर्पण करीत. मला या विधीत भाबडेपणा दिसत नाही. जे घ्यावयाचे त्याचे माप आपल्याला पूर्ण ठाऊक नाही, हे झाडासमोर कबूल करण्याची ती रीत असावी.

शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आणि आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जो ती यथार्थ सांगतो. फळीच्या बाबतीत याचे महत्त्व फार आहे, कारण चूक केवळ परिमाणाची असते असे नाही. पॉलिएस्टर जातीची राळ दुसऱ्या प्रकारच्या फेसावर उत्तम बसते, पण थर्माकोलवर ओतली तर ती त्याला विरघळवून टाकते. भाच्याने एपॉक्सी लिहिली होती ती कोणा जाणत्याने बजावले म्हणून. ज्या साधनाने एक तरतो त्याच साधनाने दुसऱ्याचा आधार वितळून जावा, हे परमार्थात अधिकारभेद या नावाने आपण ऐकत आलो आहोत. ते असे प्रत्यक्ष द्रव्यात पाहिले म्हणजे मन क्षणभर थबकते.

परंतु माझे मन सर्वांत अधिक रेंगाळले ते त्या न लिहिलेल्या रकान्यावर, घटीच्या रकान्यावर. जपमाळेत मणी एकशे आठ असतात; पण माळ पूर्ण झाली की जुनी माणसे जप शंभरच धरीत. वरचे आठ कशाला, असे विचारले तर आजी सांगे की मन भरकटते, ओठ नुसते हलतात, मणी निसटतो, त्या चुकीपोटी ते आठ. किती लहानशी व्यवस्था, आणि किती मोठी समजूत! ज्या कोणी ही वहिवाट पाडली त्याने साधकाला निर्दोष होण्याची अट घातली नाही आणि दोषाकडे डोळेझाकही केली नाही; दोष गृहीत धरून त्याची रीतसर तरतूद केली. पुरश्चरणाच्या विधीत मंत्राची जेवढी अक्षरे तेवढे लक्ष जप, त्याच्या दशांश हवन, त्याच्या दशांश तर्पण, असा चोख ताळेबंद असतो; त्या काटेकोर गणिताच्या पोटात हे आठ मणी आहेत, म्हणून ते गणित माणसाला झेपते. घट मुळीच न धरणारा हिशेब हा अचूकपणाचा नव्हे, अहंकाराचा हिशेब होय, असे मी म्हणतो ते याचसाठी.

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे जे विस्तीर्ण रूपक आहे, त्यात कोणी स्वबुद्धीच्या बाहूंनी पोहावयास निघतात, कोणी तिन्ही वेदांच्या सांगडी बांधतात आणि त्यांबरोबर अहंभावाचे धोंडेही घेतात, म्हणून मदाचा मासा त्यांना सगळेच गिळतो. सांगड खोटी नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. भार ठाऊक नसलेला धोंडा तिला बांधलेला होता. आणि जे सर्वभावे शरण गेले त्यांच्यासाठी पाणी ऐलतीरावरच सरले, असे ज्ञानदेव म्हणतात. मी ते मान्य करतो. परंतु माझ्यासारख्या सामान्याला, ज्याच्यापुढे पाणी अजून दोन्ही थडी भरून वाहते आहे, सांगड वळावीच लागते. बुद्धाने मज्झिम निकायात सांगितलेला तराफाही गवत, काटक्या, फांद्या आणि पाने गोळा करून बांधलेला आहे, आणि पैलतीरी पोहोचल्यावर तो डोक्यावर वाहून नेऊ नये असा त्याचा उपदेश. टाकावयाचा असला तरी तो आधी बांधावा लागला, आणि त्या मनुष्याने काटक्या मोजल्या असतील काय? काही हातातून वाहून गेल्या असतील, काही मोडल्या असतील.

भाच्याला मी उत्तर लिहिले. राळ दुप्पट घे, कापड दोन वार अधिक घे, आणि काम सुरू करण्यापूर्वी ज्याने एक तरी फळी घडविली आहे अशा माणसाशेजारी दोन दिवस मुकाट्याने बसून त्याचे हात पाहा, एवढे आधी सांगितले. त्याखाली आणखी एक ओळ घातली: ठोकळ्याचा जो भुसा पडेल तो वाऱ्यावर उडू देऊ नकोस, गोणीत भरून तोलून ठेव, भांड्यात वाळून गेलेली राळही खरवडून त्याच तागडीत घाल, आणि तो आकडा याच कागदाच्या मागल्या बाजूस तारखेनिशी लिहून कागद मला परत पाठव.