न विचारता निर्णय घे

'पाच दिवसांनी परत येते' हे मांजराला सांगता येत नाही. ऑफिसात मेल टाकता येतो, दूधवाल्याला 'रविवारपर्यंत नको' म्हणता येतं, आईला रोज रात्री फोन करता येतो. मांजराला मात्र बॅग भरताना आपण दिसतो, मग दार लागतं आणि मग आपण नसतो. 'का' आणि 'किती दिवस' हे त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही.

मग प्रश्न असा, की ज्याला वचन कळतच नाही त्याच्याशी आपण वचनाने बांधलेले असतो का?

कान्ट म्हणेल, थेट नाही. त्याच्या मते प्राण्यांबद्दलची आपली कर्तव्यं अप्रत्यक्ष असतात. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांच्या बाबतीतही निबर होत जातो, म्हणून तसं वागू नये. बेंथमने १७८९ साली छापलेल्या पुस्तकात प्रश्नच बदलला: प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, हे बाजूला ठेवा, त्याला दुःख होतं का ते बघा. मला बेंथम पटतो. पण मांजर ठेवून गावाला निघालेल्या माणसाला तो अर्ध्यापर्यंतच सोबत करतो. दुःख होतं हे मान्य. मग नेमकं काय करायचं?

आपल्याकडे या विषयावरची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट युधिष्ठिराची. स्वर्गाच्या दारात त्याला कुत्रं सोडून यायला सांगतात आणि तो नकार देतो. लहानपणापासून आपण प्रेमाचा अर्थ असाच शिकलो, की सोडून जायचं नाही. पण ते कुत्रं त्याच्यामागून चालत आलं होतं. मांजर येत नाही. मांजराचं जग म्हणजे त्याची जागा. सोफ्याच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला गाल घासून त्याने आपल्या वासाच्या खुणा केलेल्या असतात, आणि त्या खुणांच्या आत त्याला सुरक्षित वाटतं. म्हणून बहुतेक मांजरांना पिंजऱ्यात घालून परक्या जागी नेण्यापेक्षा घरीच ठेवणं आणि सांभाळणाऱ्याने घरी येणं बरं पडतं. इथे सोबत नेणं हे प्रेम नाही. नीट सोडून जाता येणं हे प्रेम आहे, आणि त्याची गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

नीट सोडून जाणं म्हणजे वचन शब्दांत न देता व्यवस्थेत देणं. मी परत येईन याची खात्री मी पिठल्याला देऊ शकत नाही. (पिठल्या हा आमचा बोका. रंगावरून नाव.) पण सकाळी आठला वाटी भरेल, पाणी ताजं असेल, वाळूचा ट्रे साफ होईल, संध्याकाळी कुणीतरी अर्धा तास जमिनीवर बसून दोरी हलवेल, एवढी खात्री देता येते. पाहुण्यांसाठी आपण घर धुऊन-पुसून ठेवतो. इथे उलटं करावं लागतं. ट्रे चकाचक हवा, पण त्याची रोजची चादर धुवायची नाही आणि आपला वापरलेला एक टीशर्ट खुर्चीवर राहू द्यायचा. आपल्या नसण्यात आपला थोडा वास मागे ठेवायचा.

खालच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी त्याला बघते. तिच्यासाठी मी दोन पानं लिहून फ्रिजवर लावते. ही पानं लिहायला बसलं की कळतं, आपण आपल्या प्राण्याला किती ओळखतो. 'नीट जेवतो' या वाक्याचा तिला काही उपयोग नाही. 'सकाळी अर्धं खातो, उरलेलं दुपारी संपवतो; संध्याकाळपर्यंत वाटी तशीच असेल तर काहीतरी बिनसलंय' याचा आहे. मांजर आजार लपवतं. रोजचं काय ते माहीत असेल तरच आजचं वेगळं दिसतं. म्हणून पहिली सूचना अशी: वाटी बघून परत जाऊ नकोस, पिठल्या बघून जा. पलंगाखाली असेल तर वाकून बघ.

मग भीतीची यादी. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ताप वाटला तरी घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही, एक गोळीही मारू शकते. कुणी लिलीची फुलं आणली तर ती घरात नकोत, त्यांनी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. कबुतरांची जाळी नसलेली खिडकी उघडायची नाही. दिवाळीत गेलो असू तर फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि तो कपाटामागे गेला तर ओढून काढायचं नाही.

एवढं लिहिलं की वाटतं, काम झालं. खरं तर नैतिक प्रश्न इथून सुरू होतो. यादीत नसलेलं काही घडलं तर?

अ‍ॅनेट बेयर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ मध्ये विश्वासावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: विश्वास ठेवणं म्हणजे आपल्याला मोलाची असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती देणं, आणि तिची काळजी कशी घ्यायची हे ठरवायची मोकळीकही देणं. या मोकळिकीतच इजा होण्याची शक्यताही येते, आणि ती पत्करावी लागते. किल्ली देऊन मोकळीक न देणं म्हणजे फक्त काम सांगणं.

आपण बहुतेक जण तेच करतो. जबाबदारी पूर्ण देतो, अधिकार मात्र खिशात घेऊन जातो. 'काही झालं तर फोन कर' हे प्रेमळ वाक्य आहे, पण रात्री अकरा वाजता, आपल्याला रेंज नसताना, एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर धापा टाकणारं मांजर असेल तेव्हा ते वाक्य तिला बांधून ठेवतं. दवाखान्यात नेऊ का? खर्च किती चालेल? ताई रागावेल का? तिला विचारावे लागणारे हे प्रश्न आपण निघण्याआधीच संपवायला हवेत. म्हणून पाकिटात पैसे, पिंजरा हाताशी, डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि डॉक्टरांना आधीच एक निरोप: ही मुलगी जे ठरवेल ते माझं ठरवणं समजा. पानाच्या शेवटी मी लिहिते, 'फोन लागला नाही तर न विचारता निर्णय घे. जो घेशील तो मला मान्य.'

हे वाक्य लिहिताना हात थबकतो, कारण त्यात सगळ्यात वाईट शक्यताही येते. वाचण्यासारखं काही उरलं नाही आणि त्याला यातना होतायत असं डॉक्टर म्हणाले, तर माझी वाट बघत त्याला तसं ठेवायचं का? मला निरोप घेता यावा म्हणून त्याने आणखी एक रात्र सोसावी का? माझं उत्तर 'नाही' आहे. पण ते उत्तर नुसतं माझ्या मनात असून भागत नाही, तिला ते आधी सांगितलेलं असावं लागतं. न सांगता गेले, तर ते ओझं तिच्या डोक्यावर पडेल आणि वर्षानुवर्षं तिथेच राहील. जिने माझ्यासाठी किल्ली घेतली तिला हे देऊन जाणं अन्यायाचं आहे.

आता कॅमेरा. हल्ली स्वस्तात मिळतो, फोनवर पिठल्या झोपलेला दिसतो, बरं वाटतं. पण त्या चौकटीत तीही येते. तिला न सांगता लावलेला कॅमेरा म्हणजे दिलेली मोकळीक गुपचूप परत घेणं. सांगून लावला तर तिला 'नको' म्हणता आलं पाहिजे. पैशांचंही तसंच. 'अगं, घरचीच आहेस' म्हणून फुकटात करून घेतलं की तिला नाही म्हणता येत नाही आणि आपल्याला नीट काही सांगता येत नाही. ठरवून दिलेल्या मोबदल्याने आपुलकी कमी होत नाही. तिच्या वेळेला किंमत आहे एवढंच कबूल होतं.

भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमातलं कर्तव्य फक्त मालकावर नाही. प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्या प्रत्येकावर आहे. म्हणजे किल्लीबरोबर कर्तव्यही तिच्या हातात जातं. ते पार पाडायला लागणारं सगळं तिच्या हातात देणं हे माझं कर्तव्य उरतं.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत लिहिता येत नाही. जाताना आपल्याला दोन उलट गोष्टी हव्या असतात. त्याला आपली आठवण येऊ नये, आणि यावी. त्याने छान खावं, छान झोपावं. तरी आपण दार उघडल्यावर धावत यावं. फोटोत तो तिच्या मांडीवर पसरलेला दिसला की सुटकेचा श्वास येतो आणि त्याच श्वासात बारीकसं काहीतरी टोचतं. ते टोचणं आपलं आहे, त्याचं नाही. आपण परत आलो, त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि कूस बदलून पुन्हा झोपला, तर त्याचे पाच दिवस नीट गेले असं समजायचं. बॅग बाजूला ठेवायची, आणि खाली जाऊन तिचे पैसे आधी द्यायचे.