दिवेतेलाचा हिशेब

तंजावरच्या राजवाड्याभोवती चार राजवीदी आहेत. पूर्वेची कीळ, पश्चिमेची मेल, दक्षिणेची तेर्कु आणि उत्तरेची वडक्कु. मेल वीदीच्या मागच्या एका बोळात एक मराठी कुटुंब राहत होतं. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांतलं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माणसं तीनच. केटरिंगचा धंदा करणारा काका, पॉलिटेक्निकात शिकणारा त्याचा पुतण्या, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे कागद वाचण्यात जन्म घालवून निवृत्त झालेली आत्या.

पोराला एकच नाद होता, बंद पडलेली यंत्रं उघडायची. घरात मिक्सर नुसता कुरकुरला तरी आत्या तो फडताळात लपवून ठेवी. पुढे त्याच्या हाती ईएसपी ३२ नावाचं काडेपेटीएवढं सर्किट लागलं. त्याला वायफाय ऐकू येतं. त्याला त्यानं जीपीएसचं मॉड्यूल आणि मेमरी कार्ड जोडलं आणि सगळा ऐवज जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवून काकाच्या जुन्या ऑम्नीत ठेवला. वीज सिगारेट लायटरच्या खाचेतून. पहिले काही दिवस काकानं हॉर्न दाबला की सर्किट मरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. वायर बारीक, दाब पडायचा. मग त्यानं विजेच्या दोन तारांमध्ये हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला आणि ते दुखणं गेलं. जीपीएसचा दिवा सेकंदाला एकदा मिचकावू लागला की समजायचं, उपग्रह सापडले, आता जागा कळते आहे.

यंत्राचं काम सोपं. प्रत्येक वायफाय राऊटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली ओळख हवेत पुकारत असतो. नाव, ४८ बिटांचा पत्ता, चॅनेल, कुलूप आहे की नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीलाही ते ऐकू येतं. डबा ते ऐकून एकेक ओळ लिहायचा: वेळ, पत्ता, नाव, चॅनेल, सिग्नल उणे ६७, अक्षांश, रेखांश. पोरानं डब्याला एक शिस्तही लावली होती. असली यंत्रं सहसा हाक मारून विचारतात, 'कोण आहे इथे?' यानं ते बंद केलं. आपण तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं. कुणाच्या नेटवर्कात शिरायचं नाही, पासवर्डाला हात लावायचा नाही. या बाबतीत पोरगा अगदी सोवळा होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

जगात हा छंद जुना आहे. 'विगल' नावाचा प्रकल्प २००१ पासून चालू आहे आणि हौशी लोकांनी त्यात अब्जावर वायफायच्या नोंदी टाकल्या आहेत. ऐकण्याची हाव सुटली की काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. रस्त्यांचे फोटो काढणाऱ्या आपल्या गाड्यांनी उघड्या नेटवर्कांतून लोकांच्या मजकुराचे तुकडेही उचलले होते, हे गूगलला मे २०१० मध्ये कबूल करावं लागलं. आपला पोरगा त्या वाटेला गेला नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

तसे तंजावरला मोजणीदार नवे नाहीत. १७९९ च्या तहानं सरफोजीराजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. त्यानंतर तीन वर्षांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटननं त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. कावेरीच्या सपाट मुलखात उंचवटा कुठून आणायचा? म्हणून १८०८ साली त्यानं आपला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट थेट मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवायला घेतला. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं, कोन मोजायची मोठी चकती वाकली. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. यानं पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून सुमारे सहा आठवड्यांत ती चकती स्वतः सरळ केली. या बाबतीत तो आपल्या पोराचा सख्खा पूर्वज म्हणावा.

मोजणीदारांच्या दुर्बिणीतून घरातल्या बायका दिसतात, असा संशय त्या काळी लोकांना येई. आज आपण हसतो. पण त्या मोजणीतून जो नकाशा उभा राहिला, तो महसुलाच्या आणि फौजेच्या कामी आला. घरात डोकावायची कुणाला गरजच पडली नाही.

काकाची ऑम्नी रोज दोनदा फिरायची. पहाटे पाचला पोंगल आणि इडलीचे डबे पोचवायला, रात्री भांडी गोळा करायला. रस्ते तेच, वेळा त्याच. त्यामुळे पोराच्या यादीत एकेका घराची रोज दोनदा हजेरी लागू लागली. संगणकावर नकाशा काढला तर राजवीदी ठिपक्यांनी भरून गेल्या. कुणी राऊटरला 'मुरुगन तुणै' म्हणजे मुरुगनचा आधार असं नाव दिलेलं, कुणी लेकीचं, तर कुणी शेजाऱ्याला उद्देशून 'स्वतःचं घे' असं.

एका रात्री चहाच्या टपरीवर पोरगा मित्रांना मोबाइलवर तो नकाशा दाखवत होता. बोलता बोलता म्हणाला, "वडक्कु वीदीतले हे तीन ठिपके गुरुवारपासून विझलेत. लोक गावाला गेले की राऊटर बंद करून जातात. मला इथे बसून कळतं."

शेजारी घरांचा एक दलाल चहा पीत होता. त्यानं पोराच्या चहाचे पैसे देऊन टाकले.

"तंबी, रोज ही यादी मला देशील? बंद घरं कळली की भाड्याला कोणती निघतील याचा अंदाज येतो. महिन्याचे पैसे देईन."

पोरगा हरखून घरी आला. छंदाला पहिल्यांदाच गिऱ्हाईक भेटलं होतं. काकानं ऐकलं, "कोण माणूस आहे?" एवढंच विचारलं आणि भांडी मोजायला गेला. आत्यानं यादी मागितली.

"तुला काय कळणार त्यात? नुसते आकडे आहेत."

"आकडेच वाचत आले रे मी. छापून आण."

दुसऱ्या दिवशी त्यानं पंधरवड्याच्या नोंदींचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. आत्यानं चष्मा चढवला, लाल पेन्सिल घेतली आणि दुपारभर मान वर केली नाही. मोडी वाचणाऱ्यांना ही सवयच असते. दरबारी कागदांत राजकारण थोडं आणि हिशेब फार. तांदूळ किती, तूप किती, कुणाला काय दिलं. वाचणाऱ्यानं त्यातूनच माणसं शोधायची. संध्याकाळी कॉफीचा टंबलर घेऊन ती म्हणाली, "बस इथे."

"एखाद्या महालाचं दिवेतेल थांबलं, की तिथला माणूस गेला, नाहीतर हलला. सलग आठ दिवस पेज लागली, की कुणीतरी अंथरुणावर आहे. कारकुनानं यातलं काही लिहिलेलं नसतं. तो तेल लिहितो आणि तांदूळ लिहितो. आता तुझं बघ. हा पत्ता एक आठवडा फक्त पहाटे दिसतो, पुढचा आठवडा फक्त रात्री. हा फोनचा हॉटस्पॉट आहे ना? याला पाळी आहे कामाची. बायको-मुलं कुठल्या रात्री एकटी असतात, ते तुझ्या कागदावर आहे."

पोरगा म्हणाला, "पण मी कुणाच्या घरात डोकावलो नाही, आत्या."

"नाहीच डोकावलास. आता हे सांग, या पत्त्यांची पहिली सहा अक्षरं काही ठिकाणी सारखीच आहेत, ती का?"

"पत्त्याचा पहिला अर्धा भाग कंपनीचा असतो. ही सहा कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीची आहेत."

"म्हणजे कुठल्या घराला कॅमेरा आहे ते कळलं. मग कुठल्या घराला नाही, तेही कळत असणार."

तो गप्प झाला. आत्यानं गठ्ठा चाळून एका ओळीखाली लाल रेघ मारली.

"हे एक नाव प्रत्येक पानावर आहे. बाकीची येतात-जातात, हे हलत नाही. गाडीतच आहे ते. तुझ्या काकाचा फोन. रोजची पहिली ओळ आणि शेवटची ओळ एकाच जागी पडते, म्हणजे ते यादी लिहिणाऱ्याचं घर. पहाटे पाचला तुम्ही दोघं गाडी घेऊन निघता, आठला परतता. तेवढा वेळ त्या घरात कोण असतं?"

पोरानं उत्तर दिलं नाही.

"मी असते. एकटी. गुडघे दुखतात, दार लोटलेलं असतं. त्या दलालाला हे मोडीइतकं अवघड जाणार नाही."

त्या रात्री पोरानं मेमरी कार्ड पुसलं. नुसतं पुसलेलं परत काढता येतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून सगळ्या कार्डावर शून्यं लिहिली. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, की या कामात वाळवीचा हात कुणी धरणार नाही. मग त्यानं डब्यातला प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. नाव लिहायचं नाही, पत्ता लिहायचा नाही, वेळ लिहायची नाही. प्रत्येक वीदीत कोणत्या चॅनेलवर किती राऊटर आहेत, तेवढाच आकडा ठेवायचा आणि बाकीचं ऐकताक्षणी टाकून द्यायचं.

खरं तर त्याला कुतूहल होतं ते याचंच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत. तेर्कु वीदीत निम्म्याहून अधिक राऊटर ६ वर खेटून बसलेले निघाले आणि काही शहाणे ३ आणि ४ वर बसून दोन्हीकडच्यांना त्रास देत होते. ओळखीपाळखीच्या चार घरी जाऊन त्यानं चॅनेल बदलून दिले. एका घरी त्याला अधिरसम मिळाला.

एक काम तेवढं राहिलं होतं. एका झेरॉक्सच्या दुकानाचं वायफाय बिनकुलपाचं होतं, हे जुन्या यादीतलं त्याच्या डोक्यात होतं. असं उघडं वायफाय मालकाला महागात पडू शकतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायपाशी निघाला. तिथं राहणाऱ्या परदेशी माणसाचं नेटवर्क दुसऱ्याच कुणी वापरलं होतं, चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन असली उघडी नेटवर्कं शोधायला पथकं काढली होती. पोरगा दुकानात गेला आणि हे सगळं सांगून म्हणाला, "अण्णा, पासवर्ड घाला."

दुकानदार आधी भडकला. "तुला कसं कळलं? आत शिरला होतास?"

"नाही. तुमचा राऊटर रस्त्यावर ओरडून सांगतो."

त्यानं दुकानदाराच्याच फोनवर कुलपाचं चिन्ह नसलेलं नाव दाखवलं. पासवर्ड ठरवायची वेळ आली तेव्हा पोरगा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. दुकानदारानं हाक मारली, "आत ये की, तूच टाईप कर." तो गेला नाही. फूटपाथवरूनच एकेक पायरी सांगत राहिला.

आठवड्यानं दलाल टपरीवर पुन्हा भेटला. या वेळी नोटा हातातच होत्या. पोरानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर चार वीदींची नावं आणि पुढे आकडे.

"यात घरं कुठे आहेत?"

"नाहीत. तेर्कु वीदीत सहा नंबरला फार गर्दी आहे, तुमचा राऊटर तिथे असेल तर अकरावर घ्या."

दलालानं पडदा दोनदा वरखाली सरकवला, नोटा खिशात घातल्या आणि मागच्या चहाचे पैसे मागितले. पोरानं सुटे काढून दिले.