खेळाडूची भेट आणि तर्कवितर्क
नोव्हेंबर 2009 मध्ये सचिन तेंडुलकरच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीला 20 वर्षे झाली. मराठी असल्याचा अभिमान आहे, पण मुंबई साऱ्या भारताची, असे तो पत्रकारांशी बोलला. बाळासाहेब ठाकरे यांनी ‘सामना’तून त्याला फटकारले, क्रिकेटची खेळपट्टी सोडून राजकारणात शिरू नये, असा त्यांचा रोख होता.

26 एप्रिल 2012 रोजी तो सोनिया गांधींना भेटला आणि त्याच दिवशी राज्यसभेवरील नियुक्तीची बातमी आली. काँग्रेसने त्याला खिशात टाकल्याची कुजबुज लगेच सुरू झाली. वास्तविक राष्ट्रपतिनियुक्त 12 सदस्यांपैकी तो एक. अशा सदस्याला सहा महिन्यांत पक्षात जाता येते; तो गेला नाही. सभागृहात फारसा दिसलाही नाही, आणि ही टीका मात्र रास्तच.

संशयाला आधार नसतोच असे नाही. चेतन चौहान, नवज्योतसिंग सिद्धू, गौतम गंभीर खासदार झालेच. पण मे 2022 मध्ये अमित शहा सौरव गांगुलीकडे जेवले, तेव्हाही पक्षप्रवेशाचे मुहूर्त निघाले. गांगुली तेव्हा क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष होता, शहांचे पुत्र जय सचिव. पाहुणचाराला एवढी ओळख पुरेशी होती.