सोसणे आणि सांगणे

सोसणारे माणूस थोर, हा संस्कार आपल्या घरांत इतका मुरलेला आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. देवापाशी गाऱ्हाणे घालावे, वडीलधाऱ्यांपाशी चार शब्द बोलावेत, उरलेले पोटात ठेवावे. नित्याच्या दुःखांस ही रीत पुरतेही. प्रश्न पडतो तो जे दुःख मावळतच नाही त्याविषयी.

बालाघाटचे उदाहरण घेऊ. वैनगंगेकाठचा हा जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती, आणि वारासिवनी-लांजीकडे मराठी व पोवारी अजून कानी पडतात. १९९९ च्या डिसेंबरात राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी त्यांच्याच गावी हत्या केली. जंगलपट्टीतील गावांनी तर कित्येक वर्षे भीतीत काढली. पुढे ७ जून २०१७ रोजी खैरी येथे फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी मेलेल्यांची गणती होते, भाजलेल्यांची होते. जो केवळ पाहून वाचला, त्याची होत नाही.

आमच्या वकिली व्यवसायात याचा पुरावा हाताशीच आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकात अंगठा गेल्यास कमावण्याच्या शक्तीची हानी शेकडा ३० धरली होती, एक डोळा गेल्यास ४०. भरवेलीच्या मँगनीज खाणीत उतरणाऱ्यासही हेच कोष्टक लागू पडत असे. गेलेल्या झोपेची ओळ त्यात नव्हती.

या जखमेस पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर हे नाव अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली दिले. घडून गेलेली गोष्ट पुन्हा आत्ताच घडते आहे असे वाटणे, भांडे पडले तरी दचकणे, त्या वाटेने जाणे टाळणे, आपल्या माणसांविषयीही मन कोरडे होणे, ही तिची लक्षणे. नाव नवे आहे, अवस्था नवी नाही. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिरास राज्य नकोसे झाले. भावांनी व द्रौपदीने परोपरीने समजावले, तरी त्याचे मन शांत झाले नाही. अखेर तो शरपंजरी भीष्मांपुढे जाऊन बसला. धर्मराजास जे घरच्यांच्या युक्तिवादाने साधले नाही, ते खैरीच्या मजुराने घरात गप्प बसून साधावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

कोणी म्हणेल, भीष्म आजोबा होते. परक्यापाशी घरचे दुःख उघडे करावे हे कुलीनपणास शोभते काय? आम्हांस वाटते, परकेपणा हाच येथे गुण आहे. लहान गावात ऐकणारा प्रत्येक जण कोणाचा तरी मामा किंवा व्याही असतो, आणि ऐकलेले त्याला पेलवतेच असे नाही. आमच्याकडे पक्षकार जे बोलतो ते त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास आम्हांस कायद्याने मनाई आहे. म्हणूनच तो मोकळेपणी बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचा असाच हक्क रुग्णास दिला. या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली ७ एप्रिलला, खैरीच्या दुर्घटनेच्या बरोबर दोन महिने आधी; तो अंमलात आला २९ मे २०१८ रोजी. दूरचा प्रवास न करता घराजवळ उपचार मिळावेत, असेही तो म्हणतो. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च सरकारने सोसावा, अशी तरतूद आहे. मात्र जिल्ह्यात अन्य सेवाही नसेल तर काय, येथे कलम मुके होते. आणि माणूस गोंदियाची वाट धरून नागपूर गाठतो.

मग योग्य माणूस ओळखावा कसा? मनोविकारतज्ज्ञ हा औषध देऊ शकणारा डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. आघाताच्या उपचाराचे शिक्षण घेतले आहे काय, हेही विचारावे. जाणता उपचारक पहिल्याच भेटीत सारी हकिगत ओढून काढत नाही. आधी झोप, श्वास, सुरक्षितपणाची जाणीव सावरतो. मग ती आठवण झेपेल तेवढीच हाताळू देतो. बहुधा आठ ते बारा बैठका लागतात, काहींना अधिक. आणखी एक गोष्ट आम्ही फार महत्त्वाची मानतो: भाषा. ज्याची भीती पोवारीत किंवा गोंडीत किंचाळते, त्याने ती परक्या बोलीत कशी सांगावी? दोन-तीन भेटींत मन जुळले नाही तर दुसऱ्याकडे जावे. त्यात पहिल्याचा अपमान नाही. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून अनेक भारतीय भाषांत विनामूल्य चालतो. वाट दाखवण्यापुरता तरी तो उपयोगी आहे.

तज्ज्ञ थोडे आहेत हे खरेच. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने सामान्य शिक्षणाच्या माणसांना शिकवून नैराश्यावर समुपदेशन करता येते हे दाखवले, आणि मध्य प्रदेशातही तसे काम केले. आघाताची जखम अधिक नाजूक. तिला तज्ज्ञाचा हात हवाच. पण त्या तज्ज्ञाचा पत्ता काढणे, भेटीची वेळ ठरवणे, गाडीत शेजारी बसणे, हे काम ज्याची झोप उडाली आहे त्याच्यावर का टाकावे? ते भावाने करावे, भावजयीने करावे, देवळाच्या मंडळींपैकी कोणी करावे. दवाखान्यापर्यंत सोबत जावे, खोलीचे दार लागले की बाहेरच्या बाकावर बसावे, आणि परतीच्या वाटेवर आत काय बोलणे झाले ते विचारू नये.