माघ सरताना



माघ सरत आला आहे. पहाटेचा गारवा अजून जाणवतो. पण दुपारचे ऊन चटका देऊ लागले आहे. माळावरचा पळस पाने टाकून केशरी फुलांनी भरला आहे आणि आमराईत मोहोराचा गंध दरवळतो आहे. कालपर्यंत वाळके लाकूड भासणाऱ्या फांदीवर हा रंग कोणी चढवला? आपण या झाडाखालून रोज जातो. हा प्रश्न मात्र क्वचितच मनाला शिवतो.

पवित्र कुरआन मनुष्याला नेमके येथेच थांबवतो. सूरह अर्-रूमच्या 50 व्या आयतीत अल्लाहच्या कृपेच्या खुणा न्याहाळण्याचा आदेश आहे. निर्जीव भूमीत जो प्राण ओततो, तोच मृतांना पुन्हा उठवणार आहे, हे त्या खुणा सांगतात. तेथे संदर्भ पर्जन्याचा आहे. आपला पळस तर पावसाचा थेंब नसताना फुलतो. साक्ष मात्र एकच. ज्याला पळस दिसला आणि आखिरत आठवली नाही, त्याने केवळ रंग पाहिला, निशाणी नाही.

मोहोराकडेही पाहा. आंबा मोहोरण्यास थंडी लागते. ती पुरेशी पडली नाही तर मोहोर लांबतो. ईमानवंतासाठीही हिवाळा असाच मोलाचा असतो. रात्र दीर्घ असल्याने तहज्जुदसाठी उठणे सुलभ, दिवस लहान असल्याने रोजा हलका. म्हणूनच आपले पूर्वसूरी या ऋतूला इबादतीची सुगी मानत.

ती सुगी आता सरली. किती पहाटा आपण रजईत गमावल्या? मागील हिवाळ्यात आपल्या शेजारी सफमध्ये उभे राहणारे काही जण आज कबरस्तानात आहेत. त्यांच्या कर्मांची वही मिटली. आपली अद्याप उघडी आहे. हा वसंत त्यांना लाभला नाही, आपल्याला लाभला. तो कशासाठी, याचा जाब आपल्याला द्यावा लागेल.

तथापि निराश होऊ नका. निष्पर्ण फांदीला फुलवणारा अल्लाह कोरड्या पडलेल्या अंतःकरणालाही पालवी फोडू शकतो. तौबाचे द्वार खुले आहे. मात्र मोहोरातील बहुतेक फुले गळतात; फळ धरते ते थोड्यांनाच. आपल्या संकल्पांचेही तसेच होते. म्हणून थोडे ठरवा, पण टिकवा. अल्प असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

आरंभ फज्रपासून करा. जानेवारीत मुंबईत सव्वासातच्या सुमारास उगवणारा सूर्य मार्चअखेर साडेसहाच्या आसपास उगवतो. फज्रची वेळ दिवसेंदिवस अलीकडे येत आहे. आपली जागही तिच्यासोबत अलीकडे यावी.

अल्लाह आपल्याला पाहणारे डोळे आणि जागे अंतःकरण देवो. आमीन.