पाच ते सात

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात पोरांच्या हाती फोन नाही, ही तक्रार आता जुनी झाली. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर काही अभ्यास केला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं पाहिली होती. यावर मोबाईलला शिव्या घालणं सोपं आहे. मला दिसतं ते वेगळंच. यंत्र घरात आलं, पण त्याच्याकडून काही करवून घ्यायला गावात जागा नाही. शाळा पाचला सुटते आणि अंधार पडेपर्यंतचे दोन तास कुणाच्याच खात्यावर नसतात.

शाळेबाहेरचं संगणकशिक्षण म्हणजे आपल्याकडे एमएस-सीआयटी. २००१ पासून एमकेसीएलने लाखोंच्या हाती पहिल्यांदा माऊस दिला, ते श्रेय द्यायलाच हवं. पण प्रमाणपत्र सरकारी भरतीच्या अटींत शिरलं आणि फी भरा, परीक्षा द्या, कागद घ्या, एवढंच उरलं.

बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात एका सुटीत लेगोची यंत्रं संगणकाने चालवण्याचं शिबिर झालं होतं. ते संपलं तरी आसपासच्या वस्तीतली पोरं चोरून आत शिरत, रखवालदार हुसकत. त्या पोरांसाठी नॅटली रस्क आणि मिचेल रेझ्निक यांनी १९९३ मध्ये 'कॉम्प्युटर क्लबहाऊस' उघडलं. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. सुचेल ते बनवा, अडलात तर विचारायला मोठं माणूस हजर. कोंढ्यातही पाच ते सात उघडी राहणारी अशी एक खोली हवी.

आपल्या धारावीत चित्रपटकार नवनीत रंजन यांनी 'धारावी डायरी' सुरू केली. तिथल्या मुली 'अ‍ॅप इन्व्हेंटर'वर ठोकळे जोडून अ‍ॅप बनवू लागल्या. त्यांतलं एक पाण्याचं. हंडा घेऊन तासन्‌तास उभं राहण्यापेक्षा रांग फोनवरच लावायची, आपली पाळी आली की निरोप येतो. हे सुचायला आधी त्या रांगेत उभं राहिलेलं असावं लागतं!

कोंढ्याच्या पोरीला बांधीतलं पाणी कळतं. पवनी तालुका धानाचा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की बाप बॅटरी घेऊन वावरात जातो. आजोबांची अशीच पायपीट पाहिलेल्या पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' बनवलं. तसलं एखादं बिघडलेलं यंत्र आठवीच्या पोरांनी टेबलावर उघडावं (वायर काढून, हे सांगायला नकोच). सिम कुठे बसतं, रिले कुठे 'टक्‌' करतो, फोनचा इशारा मोटारीपर्यंत कसा पोचतो, ते धुंडाळावं. पुस्तकातला विद्युतचुंबक तिथे कामाला लागलेला दिसेल.

हे स्वप्नरंजन नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो शाळेत न रमलेल्या पोरांना हाताने काम करता करता शिकवायला. फॅब लॅब म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायची कार्यशाळा; एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये आली ती याच खेड्यात.

मग अडतं कुठे? संगणकापाशी नाही. देणगीदार संगणक देतात, फोटो काढतात, जातात. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला. पुढे सिंधुदुर्गातही तसे बसले. मुलं आपापली बरंच शिकतात हे त्यातून दिसलं, ते खरंच. पण विजेचं बिल कोण भरणार, कीबोर्ड तुटला तर कोण आणणार, हे भिंत सांगत नाही. मोठी पोरं पुढे घुसली की धाकट्यांना आणि मुलींना वाट काढून देणारंही कुणी हवं.

मुलींचं तर सगळं गणितच वेगळं. एकदा घरी गेलेली पोर पुन्हा बाहेर पडत नाही. भांडी, धाकटा भाऊ, रोवणीच्या दिवसांत आईच्या वाट्याचंही काम. म्हणून ही खोली शाळेच्या आवारातच हवी आणि भावाला सोबत आणायची मुभाही. फोन बहुधा दादाच्या खिशात असतो, तेव्हा या खोलीतलं यंत्र तिच्या हक्काचं पहिलंच ठरेल.

खर्च करायचाच तर तो माणसावर करावा. बी.एस्सी. होऊन भरतीची तयारी करणारी एखादी ताई गावात असतेच. तिला दरमहा ठरलेलं, वेळेवर मिळणारं मानधन द्यावं. दोनेक वर्षांत तिला नोकरी लागेल, ती जाईल, जावंच. तोवर दुसरी तयार हवी. त्यासाठी दहावीतल्या पोरींच्या हाती आठवीची पोरं पहिल्याच वर्षी सोपवावी लागतील.